पातेरा

मागच्या वर्षी शिमग्याच्या आधी आम्ही गावची देवरहाटी, म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान, झाडली. आम्ही म्हणजे मुंबई-पुण्याहून आलेले तीस-चाळीस चाकरमानी, गावातली पोरं आणि मी. एकसारखे टी-शर्ट, हातात नवे खराटे, कुणीतरी आणलेले रबरी हातमोजे. देवळाचा जीर्णोद्धार नुकताच झाला होता, पाखाडीला गुळगुळीत फरशी बसली होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना घोट्याभर पातेरा, म्हणजे गळलेला पालापाचोळा, साचलेला बघून कुणाला तरी वाटलं, देवीच्या दारात हा कचरा बरा दिसत नाही. दुपारपर्यंत निम्मी रहाटी लख्ख झाली. तांबडी माती दिसायला लागली, मुळं उघडी पडली. दोन ट्रॉल्या भरून पातेरा खालच्या कातळावर नेला आणि पेटवला. मी 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो काढले. कौतुकही बरंच झालं.

संध्याकाळी ओटीवर बसून ते आत्याला दाखवले. आत्या अठ्ठ्याहत्तरची. चष्मा कपाळावर चढवते आणि फोन नाकाला लावून बघते. 'नंतर'चा फोटो तिने बराच वेळ बघितला.

"देवीचं डोकं भादरलंत की गो."

"आत्या, स्वच्छ केलंय."

"रहाटी झाडायची नसते."

"का पण?"

"नसते."

आमच्याकडच्या बायकांच्या 'नसते'पुढे प्रश्न टिकत नाही. शिळ्या भाकरीपासून सुतकापर्यंत सगळी घटना त्या एका शब्दावर उभी आहे. मी फोन बंद केला. पण ते 'भादरलंत' डोक्यातून जाईना.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, नदीकडे उतरणाऱ्या एका सोंडेवर. रहाटी जेमतेम पाच-सहा एकरांची. आत किंजळ, आईन, सातवीण, जांभूळ, दोन माणसांच्या कवेत न मावणारा बेहडा आणि या झाडावरून त्या झाडावर गेलेली गारंबीची वेल. कोयती आत न्यायची नाही, हे लहानपणापासून माहीत होतं. पडलेलं लाकूड उचलायचं नाही, हेही. पुण्याचे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून जे लिहून ठेवलं, त्यातही सुक्या लाकडालासुद्धा हात न लावण्याची ही शिस्त ठिकठिकाणी दिसते. आमच्याकडे ती पानापर्यंत जाते. मला वाटायचं, ही सगळी झाडं वाचवायची युक्ती. आज पान उचलू दिलं तर उद्या फांदी तोडतील, म्हणून कुंपण जरा लांब घातलंय. नियम पानासाठीच असेल, असं कधी मनात आलं नाही.

मी काही जीवशास्त्राची नाही. एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅशमध्ये. पण निवृत्त माणसाला एखादा शब्द लागला की त्याच्या मागे जायला वेळ असतो. पातेऱ्याबद्दल वाचता वाचता मी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात पोचले. तिथे एडवर्ड्स आणि हीथ या दोघांनी एक प्रयोग केला होता, तो १९६३ साली छापून आला. ओक आणि बीचच्या पानांच्या चकत्या कापायच्या, नायलॉनच्या पिशव्यांत भरायच्या आणि पिशव्या मातीत पुरायच्या. फरक फक्त पिशवीच्या भोकांत. एकीची भोकं गांडूळ आत येईल एवढी, दुसरीची त्याहून बारीक, तिसरीची आणखी बारीक आणि शेवटचीची इतकी सूक्ष्म की जिवाणू आणि बुरशी सोडून कुणाला वाटच नाही. नऊ महिन्यांनी उघडलं तर शेवटच्या पिशवीतल्या चकत्या जवळजवळ जशा पुरल्या तशाच होत्या.

हे वाचून मी खुर्चीत सरळ झाले. पान 'कुजतं' असं आपण म्हणतो, जणू ते त्याचं तोच कुजतं, लोखंड गंजावं तसं. इथे तर कुजवायला कुणीतरी लागत होतं.

म्हणून मे महिन्यात गावी जाताना माझ्या बॅगेत कांद्याची लाल जाळीची पिशवी, जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि बाबांचा एक आकाशी टेरिलीनचा शर्ट होता. सुती कापड स्वतःच कुजेल, टेरिलीन कुजणार नाही, एवढा विचार केला होता. तिन्हींच्या वीतभर पिशव्या शिवल्या. पानं मात्र रहाटीतलीच हवी होती, म्हणून गुरवकाकांकडे गेले.

"पानं नेऊ? साठ."

"कशाला?"

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या पिशव्या रहाटीत नकोत. प्लास्टिक आहे. तुझ्या आत्याच्या परसात ठेव. आणि पानं परत आणून टाकायची. देवीची आहेत."

मी किंजळीची साठ पानं मोजून घेतली. नोटा मोजाव्यात तशी, दोनदा.

परसातल्या फणसाखाली आत्या झाडत नाही, तिथे पातेरा वर्षानुवर्षं साचलाय. तिथे पिशव्या ठेवल्या. पहिल्याच दिवशी कोंबड्यांनी कांद्याची पिशवी उकरून अंगणात आणली. पानं मोजून भरली, पिशवी पुन्हा ठेवली आणि वर करवंदीच्या काटेरी फांद्या टाकल्या.

मृगाच्या दुसऱ्या दिवशी पाऊस आला. वास आला तसा आत्याने चहा टाकला, हा आमच्या घरचा रिवाज. या वासाला १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी, 'पेट्रिकोर' असं ग्रीक नाव दिलं. कनौजचे अत्तरवाले तर हा वास कधीपासूनच कुपीत भरून विकत होते, आणि त्या दोघांनाही हे ठाऊक होतं. या मृद्गंधात जो खास ओल्या मातीचा भाग आहे, तो जिओस्मिन नावाच्या रसायनाचा. आपलं नाक त्याच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे. लाख कोटी भागांत मोजके चार-पाच भाग असले तरी कळतं. ते तयार करतात मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जातकुळीचे जिवाणू. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषधही याच घराण्याचं.

पण जिवाणूंनी हा वास कुणासाठी सोडावा? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचं उत्तर सापडलं. जिवाणू बीजाणू धरायला लागले की जिओस्मिन तयार होतं. त्या वासावर स्प्रिंगटेल नावाचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे मातीतले जीव धावत येतात, जिवाणूंवर ताव मारतात आणि अंगाला चिकटलेले, पोटातून गेलेले बीजाणू पुढे नेऊन टाकतात. आंब्याची बाठ वटवाघूळ नेऊन टाकतं, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे ज्या वासावर आपण इतक्या कविता केल्या, ते निमंत्रण मुळात दुसऱ्याच कुणाच्या नावाचं होतं. पत्ता चुकून आपल्या घरी येणारी लग्नपत्रिका. आपण हौसेने जाऊन जेवून येतो एवढंच.

त्याच आठवड्यात मृगाचे किडे निघाले. लालभडक, मखमली. संस्कृत कवींचा इंद्रगोप तो हाच. पूर्वी आम्ही ते काडेपेटीत जमवायचो. हा कीटक नव्हे, कोळ्याच्या गोतावळ्यातला जीव आहे. आठ पाय मोजता येतात. वर्षातला बहुतेक काळ तो मातीत असतो आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येऊन वाळवी नि किड्यांची अंडी खातो. त्याची बारीक भावंडं मात्र, जी कधीच वर येत नाहीत आणि ज्यांना मखमल नाही, त्यांना मराठीत नावही नाही.

हे नावाचं प्रकरण मला छळतं. चावणाऱ्या, रक्त पिणाऱ्या, घर पोखरणाऱ्या प्रत्येकाला आपण नाव दिलंय. ढेकूण, पिसू, गोचीड, ऊ, तिची लीख सुद्धा वेगळी. घोण, गोम, वाळवी, डोंगळा, ओंबील. हात लावला की वेटोळं होऊन पडणारा तो पैसा. पण पायाखाली हजारोंनी असलेला स्प्रिंगटेल आपल्याला कधी चावला नाही, म्हणून बेनाव राहिला. शास्त्रात तो कोलेंबोला. मी मनातल्या मनात त्याला 'उडशेपट्या' म्हणते. त्याहून चांगलं कुणाला सुचलं तर मी आनंदाने माघार घेईन.

गणपतीत गेले तेव्हा पिशव्यांना हात लावला नाही. फक्त शेजारचा दोन ओंजळी पातेरा उचलला. इटलीच्या अंतोनियो बर्लेझे यांनी १९०५ साली एक साधी युक्ती काढली. नरसाळ्यात जाळीवर माती ठेवायची आणि नरसाळ्याला बाहेरून गरम पाण्याने शेक द्यायचा. माती सुकत जाते तसे आतले जीव ओलाव्याकडे खाली खाली जातात आणि शेवटी नरसाळ्यातून पडतात. पुढे १९१८मध्ये स्वीडनच्या टुलग्रेन यांनी गरम पाण्याऐवजी वर विजेचा दिवा लावला. मी लावला चाळीसचा बल्ब. नरसाळं म्हणजे कापलेली पाण्याची बाटली, जाळी म्हणजे चहाची जुनी गाळणी. खाली खरं तर स्पिरिट ठेवतात, पण घरात गणपती बसलेला असताना तेवढी हत्या मला करवेना. मी ओला टिपकागद ठेवला. दीड दिवस बल्ब जळला. म्हणजे वीज होती तेवढा वेळ जळला.

दुसऱ्या रात्री आरती झाल्यावर चुलतभावाचा मुलगा आणि मी, मोबाइलला वीस पटीचं चिमटा-भिंग लावून, तो कागद बघायला बसलो.

"आत्या, पिसवा!" तो ओरडला आणि मागे सरला.

पिसवा नव्हत्या. पांढुरके, लांबट, सहा पायांचे ते उडशेपट्ये होते. पोटाखाली दुमडलेला काटा एका आकड्यात अडकवून ठेवलेला असतो. धोका वाटला की आकडा सुटतो, काटा जमिनीवर आपटतो आणि प्राणी स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट उंच उडतो. कुठे पडेल याचा त्यालाही पत्ता नसतो. मुलाने बोट पुढे केलं की एक गायब व्हायचा. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या दगडात सापडलेला याचा पूर्वज सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा झाड म्हणावं असं झाड पृथ्वीवर अजून उभं राहायचं होतं. मी हे मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे हे आधी आले, पानं नंतर पडायला लागली?" आम्ही दोघं जरा गप्प बसलो.

बाकी कागदावर सगळ्यात जास्त होते ते कवचधारी कोळीकिडे, मृगाच्या किड्याची ती बारीक भावंडं. मोहरीच्या दाण्याचा चतकोर असावा तेवढे, तपकिरी, पॉलिश केल्यासारखे. संथ. त्यांतला एक, स्पर्श होताच पाय आणि डोकं आत ओढून कुंकवाच्या डबीसारखा बंद झाला. पाच मिनिटं वाट बघितली, उघडला नाही. एक सूक्ष्म विंचूही होता, नांग्या अगदी रुबाबदार, पण शेपटी नाही की डंख नाही. हे महाशय माश्यांच्या पायाला नांगी धरून फुकट प्रवास करतात. दोऱ्याच्या तुकड्यासारखे पांढरे काहीतरी वळवळत होते, ते मला शेवटपर्यंत ओळखता आले नाहीत. सगळे कागदासकट फणसाखाली परत नेऊन सोडले.

दोन ओंजळींत एवढे. शास्त्रज्ञ चौरस मीटरचा हिशेब मांडतात तेव्हा जंगलाच्या मातीत उडशेपट्ये हजारोंनी, बऱ्याच ठिकाणी दहा-दहा हजारांनी, कोळीकिडे त्याहून जास्त आणि सूत्रकृमी तर लाखांच्या पुढे भरतात. २०२३ साली जगभरच्या नमुन्यांवरून जो अंदाज आला, त्यात पृथ्वीवरच्या एकट्या उडशेपट्यांच्या शरीरातला कार्बन सुमारे २ कोटी ७५ लाख टन निघाला. जमिनीवरचे सगळे रानटी पाठकणेवाले, हत्ती, गवे, वाघ, पक्षी, साप सगळे धरून, त्यांच्या तिप्पट. कॅशमधली सवय म्हणा, हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला.

ते सगळे करतात काय? खातात. पण ओळीने खातात. पान पडतं तेव्हा चिवट असतं, मेणचट असतं. आधी पाऊस त्याला मऊ करतो, बुरशीचे धागे आत शिरतात. मग पैसे, गोगलगायी यांच्यासारखे मोठे जीव त्याचे लचके तोडतात आणि त्यातलं फारच थोडं पचवून उरलेलं लेंड्या करून टाकतात. त्या लेंडीवर जिवाणू चढतात, आणि काही जण तीच लेंडी पुन्हा खातात, कारण आता ती अधिक पौष्टिक झालेली असते. किळस वाटून घ्यायचं कारण नाही, आपण इडलीचं पीठ आंबवतो ते यासाठीच. कोळीकिडे शिरांमधला मऊ भाग खरवडतात. उडशेपट्ये मुख्यतः बुरशी चरतात. गंमत म्हणजे बेताने चरलेली बुरशी मरत नाही, गुरांनी चरलेल्या गवतासारखी नव्याने फुटते आणि कुजवण्याचं काम जोरात करते. फार चरली तर मात्र बसते. म्हणून उडशेपट्यांवर कुणीतरी लागतं, आणि तिथे तो बिनशेपटीचा विंचू आहे, शिकारी कोळीकिडे आहेत, गोमी आहेत. त्यांच्यावर नवरंग आहे. मेअखेरीला तो आमच्या रहाटीत येतो आणि पातेरा चोचीने उलटापालटा करत हिंडतो. पातेऱ्याखालच्या मातीत खापरखवल्या साप आणि देवगांडूळही आहेतच.

आणि हे सगळं कोकणात जास्त निकडीचं आहे. आमची माती जांभ्याची. तिच्यात लोह भरपूर, आणि ते लोह फॉस्फरस असा धरून ठेवतं की मुळांच्या हाती लागत नाही. वर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. मातीत जे विरघळेल ते नदीमार्गे खाडीत जाणार. अशा ठिकाणी झाडाची ठेव जमिनीत राहत नाही, ती पानात राहते. पान पडलं की ते हळूहळू, हातोहात, एका पोटातून दुसऱ्या पोटात जात मुळापर्यंत पोचलं पाहिजे. एकदम सुटलं तर वाहून गेलं, सुटलंच नाही तर झाड उपाशी. मधल्या या बारीक जिवांच्या शरीरात ते काही काळ जमा असतं, तेवढंच ते पावसापासून वाचतं. आम्ही पेटवलं त्या पातेऱ्याची राख पहिल्या सरीबरोबर कातळावरून वाहून गेली. ती मी पाहिली होती. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

२००८ साली एक मोठा जागतिक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा खंडांतल्या ३० ठिकाणी एकाच प्रकारचं वाळकं गवत ठेवलं, काही तसंच, काही मातीतल्या प्राण्यांना आवर घालून. समशीतोष्ण भागात आणि ओल्या उष्ण प्रदेशात प्राण्यांमुळे कुजणं वेगाने झालं. जिथे फार थंडी किंवा कोरड, तिथे फरक पडला नाही. कोकण कुठल्या रांगेत बसतं हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

नेदरलँड्समधली एक गोष्ट मला यापेक्षाही जास्त लागली. तिथल्या काही जंगलांत टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची निघायला लागली, काही तर फुटून वाया जात. शोधत गेल्यावर धागा जमिनीत निघाला. आम्लाच्या पावसाने पातेऱ्यातलं आणि मातीतलं कॅल्शियम घटलं, त्यामुळे गोगलगायी घटल्या, आणि अंडं घालताना त्यांच्या शंखांतून चुना घेणारी टिटची मादी रिकाम्या हाताने राहिली. हे १९९४ साली छापून आलं. झाडं उभी होती, पक्षी होते, जंगल वरून जंगलच दिसत होतं.

पण मातीतला प्रत्येक जीव प्रत्येक जंगलाच्या भल्याचाच, असंही नाही, हे लिहायला हवं. आपल्याकडे गांडूळ म्हटलं की हात जोडतात. अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटाच्या बाजूला, हिमयुगानंतर गांडुळं उरलीच नव्हती. तिथली मेपलची जंगलं जाड, संथ कुजणाऱ्या पातेऱ्यावर वाढली. मग युरोपातून आलेल्या माणसांबरोबर, त्यांच्या रोपांच्या मातीतून, पुढे मासे पकडायच्या गळाला लावलेली, गांडुळं पोचली. त्यांनी पातेरा इतक्या झपाट्याने खाल्ला की खालची रोपं, नेचे, रानफुलं उघडी पडून कमी होत गेली. आम्ही जे खराट्याने केलं ते तिथे गांडुळं करतायत.

गणपतीतच, सातव्या दिवशी, देवळात गावाची बैठक होती. पुढच्या शिमग्याच्या सफाईचा विषय निघाला तेव्हा मी उठून बोलले. नको ते सगळं बोलले, चाळीस कोटी वर्षंसुद्धा. एकाने विचारलं, "ताई, साप असतात त्यात. पोरं देवळात जातात. जबाबदार कोण?" प्रश्न रास्त होता. शेवटी ठरलं ते असं: फरशी झाडायची, तिच्या दोन्ही अंगांना चार-चार हात झाडायचं, झाडलेलं आत रहाटीतच लोटायचं, पेटवायचं नाही. एका उत्साही पोराने वाऱ्याने पानं उडवायचं यंत्र ऑनलाइन मागवलंय असं नंतर कळलं. त्यावर मी अजून काही बोललेले नाही.

आणि ज्या दोन ट्रॉल्या गेल्या, त्यांचं काय? कवचवाल्या कोळीकिड्यांना पंख नाहीत, अंडी थोडी, वाढ संथ. झाडलेल्या अर्ध्या भागात ते न झाडलेल्या अर्ध्या भागातून चालत येणार. एका खराट्याच्या फटकाऱ्याएवढं अंतर त्यांना किती दिवसांचं असेल, याचा विचार करत मी बैठकीतून घरी आले.

कार्तिकात पुन्हा गेले. फणसाखालच्या काट्या बाजूला केल्या आणि पायरीवर बसून पिशव्या कापल्या. आत्या वाटाणे सोलत शेजारी.

टेरिलीनच्या पिशवीत वीस पानं. काळपट, बुळबुळीत, वर बुरशीची पांढरी नक्षी, पण वीसच्या वीस, देठासकट. किंजळीचं पान म्हणून कुणीही ओळखावं. मच्छरदाणीच्या पिशवीतही वीस, पण प्रत्येकाची चाळण झालेली. उजेडासमोर धरलं तर आरपार परस दिसायचा. लहानपणी पिंपळाचं पान पाण्यात कुजवून पुस्तकात ठेवायचो, तसली काही. कांद्याच्या पिशवीत मूठभर देठ, मधल्या जाड शिरा आणि काळी, मोकळी, चहापावडरीसारखी माती. पिशवीच्या जाळीतून फणसाची केसाएवढी मुळं आत आली होती, आणि कापताना ती तुटली याचं वाईट वाटलं.

याला प्रयोग म्हणता येणार नाही. टेरिलीनमध्ये पाणीही कमी गेलं असेल, हवाही. एकेक पिशवी ठेवून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण ती तीन ढिगुळं सुपात शेजारी शेजारी ठेवली तेव्हा आत्याचे हात थांबले.

"हे कुणी खाल्लं?" तिने कांद्याच्या ढिगाकडे बोट केलं.

मी सांगितलं. तिने ऐकलं, मग हसली. "आणि आम्ही जन्मभर भाजलं गो हे."

ते खरंच होतं. माघ-फाल्गुनात हारे भरभरून पातेरा गोळा करून आणायचा, कवळ, शेण, गवत नि पातेरा थरावर थर घालून भाजावळ करायची आणि त्या राखेच्या वाफ्यात भाताच्या रोपांचा तरवा टाकायचा, हे तिच्या आईने केलं, तिने केलं. दोन घरं भातावर जगायची तर दुसरं काय करणार? गोठ्यात गुरांच्या पायाखाली पातेरा, शेणखतात पातेरा, चुलीला पातेरा. रहाटीच्या गडग्याच्या अलीकडचं एकेक पान माणसांनी वापरून संपवलं, आणि गडग्याच्या पलीकडच्या पानाला हात लावला नाही. त्याच माणसांनी, त्याच बायकांनी. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं म्हणायला मी धजणार नाही. त्यांना उडशेपट्या ठाऊक नव्हता. पण त्यांनी स्वतःच्याच हातांचा भरवसा धरला नाही, एवढं मात्र दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानं घेऊन रहाटीत गेले. गुरवकाका पायरीवर बसून समया घासत होते.

"साठ नेलेलीस," ते म्हणाले. त्यांच्या लक्षात होतं.

मी वीस काळी पानं दाखवली. त्यांनी मान हलवली. वीस जाळीची दाखवली. एक उचलून त्यांनी त्यातून देवळाच्या कळसाकडे बघितलं आणि परत ठेवलं. मग मी मूठ उघडली. त्यात देठ आणि शिरा.

"बाकीची?"

"आमच्या फणसाने खाल्ली."

ते समई घासत राहिले. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "म्हणजे फणस आता नुसता तुझ्या आत्याचा राहिला नाही. देवीचा हिस्सा झाला त्यात. पहिलं फळ आणून ठेवायचं."

घरी येऊन मी आत्याला सांगितलं. ती वाटाण्याच्या साली गोळा करून फणसाच्या बुंध्याशी टाकत होती.

"ठेवू की," ती म्हणाली. "पण बरका आहे म्हणावं. देवीला चालेल, गुरवाला नाय चालायचा."